व्हिलेलाचे सात आठवडे

ट्राममध्ये मागून कुणी नावाने हाक मारली तर माणूस वळून बघतो. सुचेताने बघितलं नाही. मांडीवरची फाइल तिने उगाचच उघडली, आर्याच्या पासपोर्टच्या अर्जावर डोळे रोवले आणि आपण दुसरीच कुणी तरी बाई आहोत अशी बसून राहिली. मघापर्यंत ती चांगली खुशीत होती. द हेगला भारतीय वकिलातीतलं काम एका फेरीत, तेही अकराच्या आत उरकलं, म्हणजे लॉटरीच म्हणायची. आता स्टेशनवर उतरायचं, आइंडहोव्हनची गाडी धरायची, न्यूनेनला दोनपर्यंत घरी पोचून सकाळची आमटी गरम करायची, एवढा साधा बेत. या देशात तिचं नाव बहुतेक लोक ‘सुखेता’ असं घेत. पहिली दोन वर्षं तिने सगळ्यांना दुरुस्त केलं, मग नाद सोडला. ‘सुशेता’ म्हणणारा अख्ख्या नेदरलँड्समध्ये एकच माणूस होता आणि तीन वर्षं ती त्याला चुकवत आली होती. तो काही तिच्या मागे लागला नव्हता बिचारा. वाढदिवसाला न चुकता त्याचा मेसेज यायचा, ती दोन दिवस तो उघडायचीच नाही आणि मग एक अंगठा पाठवून द्यायची. एवढं सोपं होतं ते. फोनवर तोंड लपवायला काय लागतं? ट्राममध्ये मात्र जागा ती केवढी, आणि पुढचा थांबा अजून दूर.

‘सुशेता,’ आवाज जवळ आला. ‘तूच आहेस. मी केसांवरून ओळखलं.’

मग वळावंच लागलं. हसावंही लागलं. एर्नानी व्हिलेला दांडा धरून वाकला, पोर्तुगीज रीतीने तिच्या दोन्ही गालांना गाल लावले आणि समोरच्या बाकावर बसला. तो जरा सुटला होता, कानांवर पांढरं दिसायला लागलं होतं. अंगात कुठल्याशा हौशी क्लबचं जाकीट, पायाशी चेंडूंची जाळी. तीन वर्षांपूर्वी हाच माणूस मासदाल फुटबॉल क्लबच्या बचावफळीत डावीकडे उभा असायचा आणि सुचेता त्याच क्लबात, मैदानाच्या कडेला लॅपटॉप घेऊन, कोण किती पळालं ते मोजायची. ती अजूनही तेच करते. फरक इतकाच की आता त्या विभागाची प्रमुख तीच आहे, आणि व्हिलेला तिथे नाही. हे दोन फरक एकमेकांशी किती जवळून बांधलेले आहेत हे जगात फक्त दोन माणसांना ठाऊक होतं, एक ती आणि दुसरा तिचा नवरा श्रीधर.

‘मी तुला या आठवड्यात फोन करणारच होतो,’ एर्नानी म्हणाला. त्यांचं बोलणं इंग्रजीत चाले, मध्ये मध्ये डच. ‘तुझ्याकडे एक काम आहे. छोटंसं. एक सही. पुढच्या थांब्यावर कॉफी घेऊ या? दहा मिनिटं.’

गाडी आहे, घाई आहे, मुलगी घरी एकटी आहे, यातलं काहीही म्हणता आलं असतं. आर्या चौदा वर्षांची घोडी, तिला घरी एकटं राहायला मिळालं की आनंदच होतो. पण तोवर सुचेताने फाइल मिटली होती. ती म्हणाली, ‘चालेल.’ तो जाळी उचलून पुढे झाला आणि ती मागोमाग उतरली. चालताना तिने त्याच्या पायांकडे बघितलं. ती नेहमीच सगळ्यांच्या पायांकडे बघते, मिरजेला फिजिओथेरपी शिकताना लागलेली खोड. डावा पाय किंचित बाहेर टाकतो. तेव्हाही टाकायचा. हे पाय तिला त्याच्या चेहऱ्यापेक्षा जास्त ओळखीचे होते, आणि तरी सात आठवडे तिने त्यांच्यावर विश्वास ठेवला नव्हता, आकड्यांवर ठेवला होता. नाही, हेही खोटंच. सात आठवड्यांचं काही नाही एवढं. नंतरच्या दोन दिवसांचं काय?

झालं होतं असं. त्या वर्षी डिसेंबरच्या सुट्टीनंतर क्लबने नवी यंत्रं घेतली. काडेपेटीएवढं यंत्र, सरावाच्या वेळी खेळाडूच्या बंडीत पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये बसतं, आणि तो किती अंतर पळाला, किती वेगाने पळाला, ते सगळं लॅपटॉपवर पाठवतं. प्रत्येक यंत्रावर नंबर. कपडे सांभाळणारा म्हातारा हेंक आपल्या यादीप्रमाणे यंत्रं बंड्यांमध्ये घालणार, आणि सुचेता लॅपटॉपमध्ये कुठला नंबर कुणाचा ते भरणार. दोघांनी आडनावांच्या क्रमानेच जायचं ठरलं होतं. आता डच माणूस आडनाव लावताना आधीचं ‘व्हान’ धरतच नाही. व्हान झांटन नावाचा माणूस त्यांच्या लेखी ‘झेड’मध्ये, अगदी शेवटी. सुचेताला हे माहीत होतं की. नगरपालिकेत, दवाखान्यात, आर्याच्या शाळेत शंभरदा बघितलेलं. पण त्या सकाळी हात चालला तो मिरजेच्या शाळेत हजेरी घेताना चालेल तसा. व्हान झांटन आधी, व्हिलेला नंतर. हेंकच्या यादीत व्हिलेला आधी, व्हान झांटन नंतर. शेवटची दोन नावं, शेवटची दोन यंत्रं, एवढीच अदलाबदल. बाकी चोवीस जणांचं सगळं बरोबर. त्या दिवशी कुणी तिला बोलण्यात गुंतवलं होतं, की आर्याला ताप होता, की ती झोपेत होती, असं एखादं कारण तिने मागाहून फार शोधलं. एकही सापडलं नाही. ती ताजीतवानी होती, खिडकीतून ऊन येत होतं आणि ती गुणगुणतही होती.

यूप व्हान झांटन म्हणजे वल्ली. चौतिशीचा, गोड बोलणारा, सगळ्यांचा लाडका, आणि सरावात अंग चोरण्यात पटाईत. ट्रेनरची पाठ फिरली की हा कमरेवर हात ठेवून उभा. दोघेही बचावपटू, दोघेही त्याच जागेवर खेळणारे, दोघांचेही करार त्या जूनमध्ये संपणारे, आणि क्लबला एकच ठेवायचा होता. सात आठवडे एर्नानीचं पळणं यूपच्या नावावर चढत राहिलं आणि यूपचं उभं राहणं एर्नानीच्या. सामन्यांचं मोजमाप मैदानातले कॅमेरे करायचे, त्यामुळे तिथे एर्नानी ठीकच दिसायचा. ‘शनिवारी लोकांसमोर पळतो,’ मुख्य ट्रेनर म्हणाला, ‘आणि आठवडाभर आपल्याला बनवतो.’ सुचेताला तेव्हा आश्चर्य वाटलं होतं. वाईटही वाटलं होतं, कारण एर्नानी हा त्या क्लबातला तिच्याशी माणसासारखं बोलणारा पहिला माणूस. ती नवऱ्याच्या नावावर या देशात आलेली, आठ वर्षं घरी बसलेली, चाळिशीला टेकताना कशीबशी नोकरी लागलेली, डच अजून अडखळणारं. जेवणाच्या टेबलावर बाकीचे भराभरा बोलायचे आणि ती ताटलीत बघत हसायची. तो समोर येऊन बसायचा आणि खेळ सुरू करायचा. बटाट्याला तुम्ही काय म्हणता? बटाटा. बघ, आमचाच. किल्लीला? चावी. आमचीच. फीत, परात, घमेलं. ‘आमच्या लोकांनी तुमच्या घरातलं काय नेलं ते नेलं, पण सामान बरंच ठेवून गेले,’ असं म्हणून तोच मोठ्याने हसायचा. अशा माणसाच्या नावापुढे रोज लाल आकडे उमटत होते आणि ती ते इमानेइतबारे छापून ट्रेनरला देत होती. एकदाही तिच्या मनात आलं नाही की जाऊन जरा डोळ्यांनी बघावं. डोळ्यांनी तर ती रोजच बघत होती! तिच्यासमोर तो घामाने निथळत होता आणि ती मान खाली घालून लॅपटॉपवर वाचत होती की हा पळत नाहीये.

कॉफी आली. एर्नानीने आपलं बिस्किट तिच्या बशीत ठेवलं, पूर्वी ठेवायचा तसं. तो सांगत होता. मासदाल सुटल्यावर खालच्या लीगमध्ये अर्धा हंगाम, मग बेल्जियममधल्या एका गावात एक वर्ष, तिथलं मैदान असं की गायी नुकत्याच उठून गेल्यात, मग कुणीच नाही. आपल्या गावी, सेतुबालला, नवव्या वर्षी सुरुवात केली होती. बंदरावर, जाळी वाळत घालतात त्या फरशीवर. तिथून दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये सहा वर्षं, मग रुमानिया, मग सायप्रस, मग इथे. ‘बचावपटूचं काम म्हणजे कसं,’ तो म्हणाला, ‘नीट केलं तर कुणाच्या लक्षात येत नाही. चुकलं तरच नाव होतं.’ आता तो सकाळी एका शाळेत खेळाचा तास घेतो, संध्याकाळी मुलींच्या संघाला शिकवतो. मुली गुणी आहेत. इथल्या एका मोठ्या क्लबात मुलींच्या संघासाठी पूर्ण वेळ ट्रेनर हवाय, आणि ते त्याला घेतीलही, परवाना मिळाला तर. परवान्याचा अभ्यासक्रम संपत आला आहे. एक निबंध राहिलाय.

‘निबंध?’ सुचेताने विचारलं. काही तरी विचारायला हवं होतं.

‘तुला हे लोक माहीतच आहेत. सगळ्यावर आत्मपरीक्षण. स्वतःच्या कारकिर्दीतली सगळ्यात मोठी चूक, दोन पानांत. आणि खाली अशा कुणाची तरी सही, जो तेव्हा तिथे होता. म्हणजे मी कथा रचत नाहीये हे कळावं.’ त्याने जाकिटाच्या आतल्या खिशातून घडी घातलेले कागद काढले. ‘ट्रेनर आता तिथे नाही. हेंक वारला. मग मला वाटलं, सुशेता. सुशेता कधी खोटं बोलणार नाही.’

तिने वाचलं. डच साधं, शाळकरी, एक-दोन ठिकाणी खाडाखोड. वर लिहिलं होतं, ‘मी अंग चोरलं ते सात आठवडे’. खाली त्याने सांगितलं होतं की एकतिसाव्या वर्षी जानेवारीत तो सरावात पळेनासा झाला. त्याला स्वतःला वाटत होतं की आपण जीव तोडून पळतोय. पण आकडे वेगळं सांगत होते, आणि आकड्यांना त्याच्याशी काही वैर नव्हतं. मार्चच्या सुरुवातीला, करार धोक्यात आहे हे कळल्यावर, त्याचे आकडे दोन दिवसांत एकदम वर गेले. म्हणजे शक्ती अंगात होतीच. म्हणजे आधी तो फसवत होता, संघाला आणि स्वतःलाही. हे मान्य करायला त्याला वर्ष लागलं. माणूस स्वतःशी किती सफाईने खोटं बोलू शकतो हे तो आता आपल्या मुलींना शिकवतो. प्रत्येक हंगामाच्या पहिल्या दिवशी त्यांना वर्तुळात बसवतो आणि स्वतःची ही गोष्ट सांगतो.

सुचेताने कागद खाली ठेवले. ते दोन दिवस. एका मंगळवारी एर्नानी सरावाला आलाच नव्हता. पासपोर्टच्याच कामाला द हेगला गेला होता, आपल्या वकिलातीत. आणि संध्याकाळी तिच्या लॅपटॉपवर व्हिलेला पावणेचार किलोमीटर पळाला होता, यूप व्हान झांटन शून्य. एका क्षणात सगळं लख्ख दिसलं. तिने उठून खोलीचं दार लावलं. दुरुस्तीला दोन मिनिटंही लागली नाहीत. दोन नावं, दोन नंबर, बस. आदल्या सात आठवड्यांना मात्र तिने हात लावला नाही. ते बदलायचे म्हणजे सांगावं लागणार. सांगायचं म्हणजे उभं राहून, अडखळत्या डचमध्ये, दहा पुरुषांपुढे. आणि तिची नोकरी कायम होण्याचं पत्र त्याच महिन्यात यायचं होतं. ते लोक काही वाईट नव्हते. ओरडले नसते. ‘बरं झालं सांगितलंस’ म्हणाले असते कदाचित. पण त्यांच्या चेहऱ्यावर जे क्षणभर दिसलं असतं, की हो, हिला घेतानाच वाटलं होतं, ते तिला बघायचं नव्हतं. त्यासाठी, त्या एका क्षणासाठी, ती गप्प बसली. गुरुवारी करारांची बैठक झाली. भिंतीवर तिचाच आलेख. व्हिलेलाची रेघ सात आठवडे तळाशी सरपटत होती आणि शेवटच्या दोन दिवसांत उभी चढली होती. आणि ट्रेनर हसला. ‘बघा,’ तो म्हणाला, ‘पोटाला चिमटा बसायची वेळ आली तसा धावायला लागला. आणि बिचारा यूप, दमलाय, त्याला विश्रांती द्या.’ तिने केलेली दुरुस्तीच एर्नानीच्या गळ्याला फास झाली. नुसती चूक राहिली असती तर तो म्हातारा झाला, मंदावला, एवढंच म्हणून त्याला निरोप दिला असता. दुरुस्तीने त्याला लबाड ठरवलं. ती टेबलाच्या टोकाला बसली होती. समोर पाण्याचा पेला होता, तो तिने पिऊन टाकला. आठवड्याने पत्र आलं, श्रीधरने केक आणला, त्या रात्री तिने त्याला सगळं सांगितलं. त्याने केकचा डबा बंद केला. मग म्हणाला, ‘आता बोलून काय होणार आहे गं? एखाद्याचं करिअर काय एका चार्टवर अडतं?’ तिला ते हवंच होतं. तिने ते उचललं आणि तीन वर्षं वापरलं. क्लबात मात्र एक नवाच शब्दप्रयोग रुजला. सरावात कुणी टंगळमंगळ केली की पोरं म्हणायची, ‘काय रे, व्हिलेला करतोस?’ नव्याने आलेल्या, एर्नानीला कधी न पाहिलेल्या पोरांनाही तो शब्द ठाऊक होता. आणि सुचेता तिथे कडेला उभी राहून तो रोज ऐकायची. लाज वाटायची का? वाटायची ना. पण लाजेचीही सवय होते, हे तिला नव्यानेच कळलं, आणि त्या सवयीची तिला जास्त लाज वाटायची.

‘बरोबर लिहिलंय ना?’ एर्नानी विचारत होता. ‘तारखा वगैरे?’

‘तारखा बरोबर आहेत,’ ती म्हणाली.

त्याने पेन पुढे केलं. आणि सुचेताने सही केली. हो, केली. नंतर कधी हे आठवताना तिला वाटायचं की आपला हात अडला असेल, क्षणभर तरी अडला असेल. पण तो अडला नव्हता. सही चांगली सुबक आली, खाली तिने हुद्दाही लिहिला. मनात काय आलं, तर हे, की याला परवाना मिळेल, नोकरी मिळेल, याचं भलंच होतंय, मग मोडता कशाला घाला. स्वतःला माफ करायला माणसाला फार मोठं कारण लागतच नाही.

‘थँक यू,’ तो म्हणाला. कागदांची घडी घालता घालता त्याचा चेहरा सैल झाला, जुन्या ओळखीच्या माणसापुढे होतो तसा. ‘तुला सांगतो, लिहिणं सोपं गेलं. बाबांना सांगणं अवघड होतं. बाबांनी चाळीस वर्षं सेतुबालच्या धक्क्यावर सार्डिनच्या पेट्या उतरवल्या. एक दिवस पाठ दुखते म्हणून घरी बसले नाहीत. धक्क्यावर एक कॅफे आहे, तिथे माझी प्रत्येक मॅच ते उभं राहून बघायचे, खुर्चीवर बसायचे नाहीत. मुलगा उभा आहे ना, म्हणायचे. मला काढलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं. तू काम चुकवलंस का? पहिल्या वर्षी मी नाही म्हणालो. मग मीच विचार केला, आकडे समोर आहेत, आता बापाशी तरी खरं बोल. मागच्या उन्हाळ्यात सांगितलं. हो बाबा, चुकवलं.’

‘मग?’

‘मग काही नाही. जेवायला चल म्हणाले.’ तो कपातल्या तळाशी बघत होता. ‘कॅफेत जायचे बंद झाले. आई म्हणते, धक्क्यावर जायचा रस्ताच बदललाय त्यांनी. माझ्याशी बोलतात, असं नाही की बोलत नाहीत. हवामान विचारतात.’

एक म्हातारा माणूस रस्ता बदलून चालतो. सुचेताला तो माणूस माहीत नव्हता, त्याचा चेहरा माहीत नव्हता. पण त्याचं ते वळणं, ओळखीची हाक येऊ नये म्हणून आधीच्याच गल्लीत शिरणं, ते तिला आतून माहीत होतं. ती ते गेली तीन वर्षं करत होती. मघाशी ट्राममध्ये केलं होतं. फरक एवढाच की तिने काही तरी केलं होतं आणि त्याने काहीच नाही, त्याच्या मुलानेही काहीच नाही. हिची लाज तो म्हातारा वाहत होता.

‘एर्नानी,’ ती म्हणाली, ‘तू अंग चोरलं नव्हतंस.’

‘जाऊ दे. आता मला त्याचं काही—’

‘नाही, ऐक. ते आकडे तुझे नव्हते. यूपचे होते.’

मग तिने सगळं सांगितलं. यादी, हेंक, शेवटची दोन नावं, मंगळवार. सांगताना तिच्या लक्षात आलं की हे वाक्य न् वाक्य तिच्याकडे तयार होतं, अंघोळीत, सायकलवर, स्वयंपाक करताना तीन वर्षं घासूनपुसून ठेवलेलं, आणि त्या तयारीचाही तिला वीट आला. मध्येच ती म्हणाली, ‘चुकून झालं,’ आणि लगेच म्हणाली, ‘चुकून झालं ते जानेवारीत. मार्चमध्ये चुकून झालं नाही. मार्चमध्ये मला माहीत होतं.’

तिला वाटलं होतं तो उठून जाईल, टेबलावर मूठ आपटेल. एर्नानीने खाली हात नेऊन स्वतःची डावी मांडी गुडघ्याच्या वर धरली आणि दाबली, सरावानंतर खेळाडू दाबतात तशी.

‘मी पळत होतो,’ तो म्हणाला.

‘हो.’

‘रोज?’

‘रोज. तू संघात सगळ्यात जास्त पळत होतास. दोन नंबरवाल्याच्या कितीतरी पुढे.’

त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते पुसले नाहीत. ‘मला वाटलं होतं,’ तो हळू म्हणाला, ‘की मला माझेच पाय कळत नाहीत.’ मग त्याचा आवाज बदलला, कोरडा झाला. घडी केलेले कागद त्याने पुन्हा काढले, उलगडले आणि तिच्या सहीचं पान पालथं करून तिच्यासमोर ठेवलं. ‘इथे लिही. आत्ता मला सांगितलंस ते सगळं. डचमध्ये. आणि पुन्हा सही कर, हुद्द्यासकट.’

‘मी लिहीन. पण मला हे क्लबलाही—’

‘ते तू बघ.’

तिने लिहिलं. नोकरी जाईल, हे तिला लिहिताना स्पष्ट दिसत होतं. निदान प्रमुखपद तर जाईलच, आणि पुढच्या हंगामात पोरं ‘व्हिलेला करतोस’ऐवजी दुसरंच काही तरी म्हणायला लागतील. तेही ठीक होतं. ठीक नव्हतं, पण पेन चालत होतं. व्याकरण चुकलं असणार. मघाची सही झरकन झाली होती. ही करताना ‘सुचेता’ची अक्षरंसुद्धा आठवावी लागली. मान वर केली तेव्हा एर्नानीच्या हातात फोन होता आणि तो वाजत होता. त्याने आवाज मोठा करून फोन दोघांच्या मध्ये, बशीला टेकवून ठेवला.

‘श्तोऊ?’ पलीकडून एक जाड, सावकाश आवाज आला. तिकडे फोन उचलल्यावर तसंच म्हणतात. एर्नानी त्याच्या भाषेत काही तरी बोलला, त्यात तिचं नाव आलं. मग तो तिला म्हणाला, ‘बाबा आहेत. तू सांग, मी त्यांना सांगतो. एकेक वाक्य.’

एकेक वाक्य. ती इंग्रजीत म्हणायची, मी अमुक चूक केली, आणि एर्नानी तेच पोर्तुगीजमध्ये म्हणायचा, तिच्याच जागी, ‘मी’ म्हणून. निदान तिला तसं वाटलं, कारण तो शब्द तो दर वेळी जरा थांबून उच्चारत होता. तिची कबुली त्याच्या तोंडून निघत होती. शेवटच्या वाक्याला, मला कळल्यावरही मी गप्प बसले, त्याला दोनदा सुरुवात करावी लागली. पलीकडे मागे कुठे तरी भांडं ठेवल्याचा आवाज. सुचेता शिव्यांची वाट बघत होती. शिव्या आल्या असत्या तर बरं वाटलं असतं. म्हाताऱ्याने काही तरी छोटंसं विचारलं.

‘विचारतायत, तुझे वडील आहेत का.’

‘आहेत,’ ती म्हणाली. ‘भारतात. मिरजेला.’

सांगितलं गेलं. पुन्हा एक प्रश्न.

‘त्यांना हे माहीत आहे का.’

बाबांना काय माहीत होतं? बाबांना एवढंच माहीत होतं की लेक परदेशात फुटबॉलच्या क्लबात मोठ्या जागेवर आहे. संध्याकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींना ते तिचं मैदानावरचं छायाचित्र फोनवर दाखवायचे. आमची सुचेता हिशेबाला चोख, तिथले गोरे लोक हिच्या शब्दावर खेळाडू ठेवतात नि काढतात, असं सांगायचे. अगदी या शब्दांत. आईने हसत हसत ते तिला कळवलं होतं.

‘नाही,’ सुचेता म्हणाली. ‘माहीत नाही.’

‘नाउं,’ एर्नानीने फोनला सांगितलं. नाही. तेवढा शब्द तिलाही कळला.

म्हातारा पुन्हा बोलला, या वेळी जरा लांब, न रागावता, कामावर नव्या माणसाला काम समजावून द्यावं तसं. एर्नानीने खिडकीकडे बघितलं, मग तिच्याकडे.

‘म्हणतायत, माझ्या मुलाने न केलेलं सुद्धा बापाला सांगितलं. मग या बाईने केलेलं सांगावं. म्हणतायत, मी फोन ठेवत नाही. तिला म्हणावं, लाव.’

मिरजेला सव्वाचार वाजले असतील. बाबा दुपारची झोप काढून चहाला बसले असतील, फोन शेजारच्या स्टुलावर. सुचेताने पर्समधून आपला फोन काढला. एर्नानी समोरून हलला नाही, त्याने नजरही वळवली नाही, आणि बशीला टेकलेल्या फोनमधून सेतुबालच्या म्हाताऱ्याचा श्वास ऐकू येत होता. तिने नंबर लावला. तिकडे दुसऱ्याच रिंगला उचलला.

‘अगंबाई, आज आठवड्याच्या मध्येच?’ बाबांचा आवाज आनंदाने भरलेला होता. ‘थांब हं, जोशीकाका बसलेत इथे, स्पीकरवर टाकतो. हं, बोल आता.’